निर्जन बेटावरची कोडी

‘खेळ’ या शब्दाला आपल्या घरांतून अजून मानाचे पान मिळालेले नाही. बुद्धिबळाचा तेवढा अपवाद. पत्ते दिवाळीपुरते आणि लग्नघरापुरते क्षम्य. आणि पडद्यावरचा खेळ म्हटला, की तो पोरांना बिघडवणारा, डोळे घालवणारा व अभ्यासाचा वैरी, असा निकाल वडीलमंडळी तो न पाहताच देऊन मोकळी होतात. या निकालाविरुद्ध सरसकट अपील करण्याची माझी इच्छा नाही. या बाजारात गल्लाभरू माल फार आहे. बंदुकीच्या आवाजाखेरीज ज्यांत दुसरे काही ऐकू येत नाही, अशा खेळांची वकिली मी कशाला करू? परंतु याच बाजारात एक निराळे घराणे नांदत आहे. या पानाचे वाचक ज्या चोखंदळपणे गाणे ऐकतात, नाटक पाहतात, त्याच चोखंदळपणे त्यांनी या घराण्याकडे पाहावे, एवढीच माझी मागणी आहे.

घराण्याचा मूळपुरुष ‘मिस्ट’. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन शहराच्या परिसरात, रँड आणि रॉबिन या मिलर बंधूंनी तो रचला आणि १९९३ च्या सप्टेंबरात तो बाजारात आला. खेळणारा एका ओसाड बेटाच्या धक्क्यावर उभा असतो. जवळ शस्त्र नाही, सोबत कोणी नाही, काय करायचे हे सांगणारी पाटी नाही. बाजूला पाण्यात बुडालेले जहाज, वर ग्रंथालय, एक तारांगण, एक घड्याळाचा मनोरा. करण्यासारखे एकच: पाहणे. त्या काळच्या सीडीवरून चित्रे भराभर निघत नसत, म्हणून सगळा खेळ निश्चल चित्रांचा. एका चित्रातून दुसऱ्यात पाऊल टाकायचे, जुन्या वाड्यात आपण एकेका खोलीत डोकावत जातो तसे. यंत्राची ही उणीव खेळाच्या पथ्यावर पडली. हलणारे फारसे काही नसल्यामुळे डोळा स्थिरावतो आणि कान जागा होतो. संगीत व्यत्यय आणील, सबब ते नकोच, अशी त्या भावांची आरंभी समजूत होती. पुढे प्रयोग करून पाहिल्यावर रॉबिननेच ते रचले. नवल हे, की असला मुकाट खेळ ६० लाखांहून अधिक खपला, आणि २००२ साली ‘द सिम्स’ने मागे टाकीपर्यंत संगणकावरचा सर्वांत खपाचा खेळ म्हणून त्याचेच नाव होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली १४ खेळ आपल्या संग्रहात घेतले, त्यांत ‘मिस्ट’ होता.

मी हा खेळ खेळत असता आमच्या वहिनी बराच वेळ मागे उभ्या होत्या. शेवटी त्यांना राहवेना. “भावजी, यात कोणी मरत नाही, कोणी पळत नाही. अर्धा तास झाला, नुसते दारच बघत बसला आहात!” वर्णन अगदी अचूक होते. पुढे एका ठिकाणी पाच स्वर ध्यानात ठेवून, समोरच्या पट्ट्या वरखाली सरकवीत, तेच पाच स्वर बरोबर उंचीवर लावायचे असतात. मी चाचपडत होतो. वहिनी लहानपणी रीतसर गाणे शिकलेल्या; मागूनच म्हणाल्या, “तिसरा अजून उतरलेला आहे.” मग खुर्ची ओढून बसल्या, त्या जेवणाच्या वेळेपर्यंत उठल्या नाहीत. ‘मिस्ट’च्या खोक्यात टिपणे करण्यासाठी एक कोरी वही घातलेली असे. शत्रू मारण्याच्या खेळाबरोबर कोणी वही देत नाही.

तरीही या घराण्याचा खरा उस्ताद म्हणजे याच मंडळींचा १९९७ सालचा ‘रिव्हन’. पाच बेटांचे एक जग, आणि तेथे स्वतःला देव म्हणवून घेणारा गेन नावाचा एक हुकूमशहा. गावात माणसे राहतात हे खरे, पण तुमची चाहूल लागताच ती घरांत दडतात. वाटेवरची एक मुलगी तुम्हांला पाहून पळून जाते. या भीतीचे कारण कोणी सांगत नाही. ते तुम्हांला सापडते गावच्या शाळेत.

शाळा रिकामी आहे. तेथे एक खेळणे ठेवलेले आहे. त्याची कळ फिरवली की एक अनोळखी चिन्ह उमटते आणि दोरीला टांगलेला माणसाचा पुतळा काही घरे खाली उतरतो. खाली आ वासलेला एक जलचर. पुन्हा कळ फिरवा, पुन्हा चिन्ह, पुन्हा पुतळा खाली. शेवटी तो जबड्यात जातो. दहा-बारा वेळा हे केले, की कोणते चिन्ह म्हणजे किती, हे आपल्याला उमगते. त्या परक्या लोकांचे आकडे आपल्याला आले! या आनंदात काही क्षण जातात, आणि मग पोटात कालवते. या गावची पोरे एक-दोन-तीन शिकतात ती अशी. गेनच्या मर्जीबाहेर गेलेल्या माणसाचे काय होते, हे त्यांना उजळणीबरोबरच पाठ होते. एका लाकडी खेळण्याने अंकलिपी शिकवली आणि राज्यव्यवस्थाही सांगितली, तीही एक शब्द न उच्चारता. एखाद्या कादंबरीकाराने यासाठी दहा पाने घेतली असती, आणि तरीही वाचकाचा हात त्या कळीवर पडला नसता.

रॉजर ईबर्ट या नामांकित अमेरिकन चित्रपट-समीक्षकाने २०१० साली, व्हिडिओ गेम ही कधीही कला होऊ शकणार नाही, असा निर्वाळा दिला. खेळ जिंकता येतो, त्याला नियम असतात, गुण असतात, असा त्यांचा मुद्दा होता. समीक्षक म्हणून मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण त्या शाळेच्या खोलीत कोणी काय जिंकायचे? तेथे गुण नाहीत, हारजीत नाही. आहे ते फक्त समजणे, आणि समजल्यावर गप्प होणे.

हे ‘समजणे’ हाच या घराण्याचा मूळ स्वर. त्याची सर्वांत शुद्ध तान मला ‘आऊटर वाइल्ड्स’ या २०१९ सालच्या खेळात ऐकू आली. ॲलेक्स बीचम या विद्यार्थ्याच्या प्रबंधापासून हा खेळ सुरू झाला. एक चिमुकली सूर्यमाला. बावीस मिनिटांनी तिच्या सूर्याचा स्फोट होतो, सगळे संपते, आणि तुम्ही पुन्हा आपल्या शेकोटीपाशी जागे होता. हातात काही उरत नाही. उरते ते मागच्या फेरीत कळलेले. एका जोडग्रहावरची वाळू दुसऱ्यावर घटिकायंत्रासारखी ओतली जाते. एक पोकळ ग्रह तुकड्या-तुकड्याने आपल्याच पोटातल्या कृष्णविवरात कोसळत असतो. या सगळ्यांत कोठेही कुलूप असे नाही. जे शेवटी करायचे ते पहिल्याच फेरीत करता आले असते. अडवणारे होते ते केवळ आपले अज्ञान. आणि तुमचे पाच सहप्रवासी निरनिराळ्या ठिकाणी एकटे बसून एकेक वाद्य वाजवीत असतात. कोणी बँजो, कोणी हार्मोनिका, कोणी बासरी, कोणी ढोल, एक जण नुसती शीळ घालतो. दूर अंतराळात जाऊन ऐकण्याचे यंत्र त्या दिशेला रोखले, की पाचही जणांचे मिळून एकच गाणे होते; त्यांना स्वतःला मात्र ते ऐकू येत नाही. ही कल्पना ज्याला सुचली, त्याला मी कलावंत म्हणणार.

आता माझ्या तक्रारीचा विषय. किल्ली म्हणजेच ज्ञान असेल, तर ते ज्ञान फुकट देणे म्हणजे खेळ चोरणे होय. आज प्रत्येक कोड्याचे उत्तर फोनवर दोन पळांत मिळते. आमच्या पुतण्याने ‘आऊटर वाइल्ड्स’ची उत्तरे अशीच पाहून घेतली आणि दोन दिवसांत खेळ ‘संपवला’. काय पाहिलेस, असे विचारले तर त्याला सांगता येईना. मी त्याला दोष देत नाही. आम्हीच त्याला पहिल्या इयत्तेपासून शिकवण्या लावल्या, गाईडे आणून दिली, आणि प्रश्न पुरता कानावर पडण्याआधी उत्तर तोंडात घातले. आपल्या इंदुरात तर शिकवण्यांच्या पाट्यांनी रस्तेच्या रस्ते भरले आहेत. दोन दिवस एका प्रश्नाशी अडून राहणे, तो डोक्यात घेऊन जेवणे, झोपणे, आणि तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी एकाएकी उत्तर सुचणे, हे सुख कोणत्या क्लासात मिळते? हे खेळ माणसाला अडू देतात. नापास करीत नाहीत, हसत नाहीत, घाई करीत नाहीत. आजच्या मुलाला असा दुसरा शिक्षक कोठे भेटणार?

अर्थात घराण्यातले सगळेच गायक सारखे नव्हेत. जोनाथन ब्लो यांचा ‘द विटनेस’ (२०१६) हा पाचशेहून अधिक कोड्यांचा. शब्दाविना नियम शिकवण्याची त्याची हातोटी थक्क करणारी. तथापि बेटभर जागोजागी थोरामोठ्यांची वचने ऐकवण्याचा त्याचा सोस मला पांडित्यप्रदर्शनाचा वाटतो. त्यातले मोठे गुपित मी येथे फोडणार नाही. लुकस पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) याहून प्रांजळ. ईस्ट इंडिया कंपनीचे एक काल्पनिक जहाज १८०२ साली लंडनहून निघते आणि १८०७ साली निर्मनुष्य परत येते. विम्याच्या तपासनिसाने साठ माणसांची नावे आणि त्यांचा शेवट ठरवायचा. चित्रे निव्वळ काळी-पांढरी. कोणाच्या झोळीवर कोणता आकडा, कोणाची बोली कुठली, कोणाच्या अंगावर काय गोंदले आहे, एवढ्यावर ओळख पटवायची. खलाशांत हिंदी माणसेही आहेत. आपल्या वाचकांना १८०२ हे साल निराळ्याच कारणाने ठाऊक असते: त्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या आणि वर्षअखेरीस बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. हे जहाज त्याच कंपनीचे, हे लक्षात ठेवून खेळले तर विम्याच्या त्या हिशेबाला आणखी एक रंग चढतो.

पुतण्याची गोष्ट तेथेच संपली नाही. पुढच्या सुट्टीत मी त्याला ‘चँट्स ऑफ सेनार’ हा २०२३ सालचा फ्रेंच खेळ दिला, फोन काढून घेऊन. एका प्रचंड मनोऱ्यात निरनिराळ्या लोकांच्या वस्त्या. प्रत्येकाची लिपी वेगळी, आणि एकाचे दुसऱ्याला कळत नाही. पाट्या, भित्तिचित्रे, हातवारे पाहून चिन्हांचे अर्थ अंदाजाने लिहीत जायचे. पहिल्या वस्तीत अनेकवचन करताना तेच चिन्ह दोनदा लिहितात. पुतण्याने हे स्वतः हुडकले आणि वहिनींनी त्याला आपले ‘घरोघर’, ‘दारोदार’ सांगितले. आठ दिवसांनी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “काका, आजोबांच्या पेटीतले ते कागद दाखवता?”

जुन्या घरांतून असते तशी ती पेटी आहे. मोडी रुमाल. आजोबा वाचीत, त्यांच्यामागे आमच्या घरात ते वाचणारा डोळा राहिला नाही. पोराने कागद खिडकीपाशी नेला. वरचे ‘श्री’ ओळखले. आकडे ओळखले. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेतली आहे आणि मग अक्षरे तिला टांगली आहेत, हे त्यालाच दिसले. एक शब्द तीन कागदांवर एकाच जागी येतो, म्हणून तो गावाचे नाव असावा, असा त्याने तर्क केला. तर्क खरा की खोटा, ते अद्याप ठरायचे आहे. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडे जाण्याचे आम्ही ठरवले होते, पण पोरगा म्हणतो, आणखी थोडे दिवस थांबू.

ज्यांना हे खेळ पाहण्याची इच्छा होईल त्यांनी शक्यतो मोठा पडदा घ्यावा, आवाज चांगला ठेवावा आणि एकट्याने बसू नये. दोघे असले म्हणजे एकाला दिसते ते दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेले असते. ‘रिव्हन’ २०२४ साली नव्याने रचून निघाला आहे; त्यात काही कोडी बदलली आहेत, म्हणून जुने जाणकारही पुन्हा अडतात. आमच्याकडे सध्या तोच चालू आहे. फोन स्वयंपाकघरात, आणि वही वहिनींच्या हातात.