'लेट' म्हणजे सोडणे की अडवणे?

शाळा सुटताना दहावीतली एक विद्यार्थिनी आमच्याजवळ आली. तिचे दादा-दादी उमऱ्याला जाणार होते आणि घरी दोघांचे पासपोर्ट आले होते. दादांनी कौतुकाने तिला त्यातला इंग्रजी मजकूर वाचायला लावला. तिथे ती अडली. "सर, यात 'विदाउट लेट' लिहिलंय. लेट म्हणजे परवानगी देणे, असं तुम्हीच शिकवलंत. मग दादांना परवानगीशिवाय जाऊ द्या, असा अर्थ झाला का?"

'माहीत नाही, पाहून सांगतो,' एवढेच म्हणायचे होते. पण शिक्षकाच्या तोंडून ते सहजासहजी निघत नाही. "छपाईची चूक असेल," असे म्हणून आम्ही मोकळे झालो.

रात्री शब्दकोश उघडला, तेव्हा चूक आमचीच निघाली.

इंग्रजीत 'लेट' ही मुळात दोन क्रियापदे आहेत. जुन्या इंग्रजीत एकाचा अर्थ होता सोडणे, राहू देणे, होऊ देणे. 'लेट मी गो' म्हणजे मला जाऊ द्या, हे त्यातूनच आले. घर भाड्याने देणे आहे, हे सांगणारी 'टू लेट'ची पाटी त्याच घरातली. हिजामासारख्या उपचाराला इंग्रजीत 'ब्लड लेटिंग' म्हणतात; तिथेही अर्थ सोडणे हाच, रक्त वाहू देणे.

दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ बरोबर उलटा: अडवणे, खोळंबा करणे. 'गाडी लेट आहे' असे आपण मराठीतही म्हणतो. तो उशिराचा 'लेट' या दुसऱ्या क्रियापदाचा सख्खा भाऊ. ज्याला अडवले त्याला उशीर होणारच! जुन्या इंग्रजीत दोघांची रूपे वेगळी होती. पुढे उच्चार बदलत गेले आणि दोन्ही क्रियापदे एकसारखी झाली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये आणि शेक्सपियरच्या 'हॅम्लेट' नाटकातही अडवण्याचा 'लेट' सापडतो. पण एकाच शब्दाने 'जाऊ दे' आणि 'अडव' असे दोन्ही सांगणे अवघडच. म्हणून हळूहळू दुसरा मागे पडला. आता तो मुख्यतः कायद्याच्या भाषेत उरला आहे, आणि टेनिसमध्ये. सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून योग्य जागी पडला की पंच 'लेट' म्हणतात आणि सर्व्हिस पुन्हा होते.

गंमत म्हणजे, खूप मागे गेल्यास दोन्ही क्रियापदांचे मूळ एकच असावे, असे भाषातज्ज्ञ मानतात. 'सैल सोडणे' हा तो अर्थ. सोडले ते मोकळे झाले. सैल पडले ते मंदावले आणि मागे राहिले.

तेव्हा पासपोर्टवरच्या 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स'चा अर्थ सरळ आहे: कसलीही आडकाठी न करता. राष्ट्रपतींच्या नावाने केलेली ती विनंती आहे.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट सांगण्याआधीच मुलगी म्हणाली, "सर, दादा रात्रभर झोपले नाहीत. पासपोर्ट चुकीचा छापलाय, विमानतळावर अडवतील, म्हणतात. आज दुरुस्तीसाठी जाणार आहेत."

आम्ही लगेच तिच्या दादांना फोन करून थांबवले आणि असरच्या नमाजनंतर घरी गेलो. पासपोर्ट हातात घेतला. त्याच पानावर तीच विनंती हिंदीतही छापलेली, आणि तिथे स्वच्छ शब्द: 'रोक-टोक'. दादांचे सारे वाचन उर्दूत, नातीने फक्त इंग्रजी पाहिले, आणि आम्ही तर पान न पाहताच फतवा दिला होता! आम्ही माफी मागितली. दादा हसले, "सर, आपने आकर बता दिया, बहुत है. अब नींद आएगी."

दुसऱ्या दिवशी वर्गातही आम्ही आमची चूक सांगितली. इमाम मालिक (रह.) यांच्यासारखे थोर आलिम कितीतरी प्रश्नांना 'मला माहीत नाही' असे उत्तर देत, असे सांगितले जाते. मग आमच्यासारख्या मास्तराला कसली लाज?

तुमच्या घरी पासपोर्ट असेल तर मुलांना ते पान दोन्ही भाषांत वाचायला द्या. आणि मुलाने विचारलेल्या शब्दाचा अर्थ येत नसेल, तर शब्दकोश त्याच्यासोबत बसूनच उघडा.