पाऊस आपल्यासाठी पडत नाही

शुक्रवारी संध्याकाळी एचआरची मेल आली. रविवारी ट्रेक, जायला-यायला बस, नाश्ता कंपनीकडून, आणि वर ठळक अक्षरांत मथळा: 'निसर्गाच्या कुशीत रिचार्ज व्हा!' मी गेलो नाही. ट्रेकशी माझं काही वाकडं नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अशा मेलला पहिला होकार माझाच असायचा. पण हल्ली तो 'रिचार्ज' शब्द खटकतो. डोंगर म्हणजे जणू भिंतीतला प्लग पॉइंट, आपण जायचं, वायर लावायची, सोमवारी फुल बॅटरी घेऊन परत.

तर हा वीकेंड घरीच काढला, एका रशियन कवीबरोबर. नाव फ्योदर त्यूत्चेव. (मोठ्यानं म्हणून बघा, जिभेला व्यायाम होतो :) )

रशियन साहित्य म्हटलं की आपल्याला टॉल्स्टॉय, दोस्तोव्हस्की, चेकॉव्ह आठवतात. आमच्या आधीच्या पिढीच्या घरांत तर सोव्हिएत प्रकाशनांची ती स्वस्त, देखणी पुस्तकं असायचीच. पण कविता फारशी आली नाही. कारण उघड आहे. कादंबरी भाषांतरात बऱ्यापैकी तगते, कवितेची खात्री देता येत नाही. मलाही रशियन येत नाही. दोन-तीन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवायची, अडलं की शब्दकोश उघडायचा, असा माझा कारभार. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते एका वाचकाचं मत आहे, अभ्यासकाचं नाही.

मत असं: एकोणिसाव्या शतकातल्या या रशियन कवींना 'निसर्गकवी' म्हणून बाजूला ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यूत्चेवची वसंतातल्या वादळी पावसावरची कविता रशियात शाळेतली मुलं पाठ करतात. आपण जशा शाळेत पावसाच्या कविता घोकल्या, तशीच. मग तो कवी म्हणजे ऋतूंची सुंदर वर्णनं करणारा, अशी समजूत होऊन बसते. पण या मंडळींना वर्णनात फारसा रस नव्हताच. त्यांना एकच प्रश्न छळत होता: समोर हे जे एवढं पसरलंय, त्याला आपण इथे आहोत हे ठाऊक तरी आहे का?

हा प्रश्न मला पुस्तकातून मिळाला नाही. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये बाबा गेले. गावी, सकाळी. त्या दिवशी मृगाचा पहिला खरा पाऊस पडला. स्मशानात पत्र्याच्या शेडखाली आम्ही उभे, बाहेर मातीचा वास, झाडं धुऊन निघालेली, समोरचा डोंगर इतका हिरवा की बघवत नव्हता. शेजारचे काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आभाळसुद्धा रडतंय बघ." ते प्रेमानंच म्हणाले. पण मला त्या पावसाचा प्रचंड राग आला. तो रडत-बिडत नव्हता. तो मजेत पडत होता. गावात सगळे पेरणीसाठी त्याचीच वाट बघत होते. बाबा असते तर तेही खूश झाले असते.

पुढे कित्येक महिन्यांनी त्यूत्चेवची एका दफनविधीची कविता वाचनात आली. शवपेटी खड्ड्यात उतरवलेली, लोकांची गर्दी, पाद्री विद्वत्तापूर्ण बोलतोय; आणि वर आकाश स्वच्छ, पक्षी आपले गाताहेत. कवी त्यावर शोक करत नाही, की आकाशाला दोषही देत नाही. फक्त दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो. म्हटलं, अरे, हा माणूस त्या शेडमध्ये उभा राहिलेला आहे!

तेव्हापासून त्याच्या मागे लागलो.

त्यूत्चेव जन्मला १८०३ साली, ओव्स्तूग नावाच्या गावी, आजच्या ब्र्यान्स्क प्रांतात. घरचा जमीनदार. १८२२ मध्ये राजदूतावासातल्या नोकरीवर म्युनिकला गेला आणि पुढची वीसेक वर्षं बहुतेक परदेशातच राहिला. दोन्ही बायका जर्मन, बोलणं-चालणं, पत्रव्यवहार मुख्यतः फ्रेंचमध्ये, कविता मात्र रशियनमध्ये. आणि त्याही कुठल्यातरी चिटोऱ्यावर. छापून याव्यात म्हणून त्यानं फारशी धडपड केलीच नाही. १८३६ मध्ये त्याच्या कवितांचा गठ्ठा पुश्किनच्या हाती पडला आणि त्यानं आपल्या 'सोव्रेमेन्निक' म्हणजे 'समकालीन' या नियतकालिकात त्यातल्या चोवीस छापल्या. शीर्षक 'जर्मनीहून पाठवलेल्या कविता', खाली नाव नाही, फक्त आद्याक्षरं.

त्या गठ्ठ्यात एक कविता होती, जिच्यात हा शांत गृहस्थ चक्क भांडतो. निसर्ग म्हणजे निर्जीव साचा आहे असं मानणाऱ्यांना तो सुनावतो की तुम्ही आंधळे आणि बहिरे आहात. निसर्गाला आत्मा आहे, स्वातंत्र्य आहे, त्याची स्वतःची भाषा आहे. म्युनिकमध्ये त्याची शेलिंग या तत्त्वज्ञाशी ओळख होती आणि निसर्ग जिवंत आहे, मन आणि सृष्टी मुळात एकच, हा शेलिंगचा विचार तेव्हा हवेतच होता. पण कविता वाचताना तत्त्वज्ञान ऐकल्यासारखं वाटत नाही. आपल्या आईबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की माणूस जसा उसळतो, तसा सूर लागतो.

इथे एक भाषेची गंमत सांगतो. रशियनमध्ये निसर्गाला 'प्रिरोदा' म्हणतात. शब्द स्त्रीलिंगी, आणि त्याच्या पोटात जन्म देण्याचा धातू आहे. म्हणजे तिथे निसर्ग ही 'ती' आहे, जन्म देणारी. आपला 'निसर्ग' पडला पुल्लिंगी. 'प्रकृती' स्त्रीलिंगी खरी, पण ती आपण 'प्रकृती कशी आहे?' विचारण्यात खर्च करून टाकली. त्यामुळे त्यूत्चेव जेव्हा विचारतो की 'तिला' आत्मा आहे की नाही, तेव्हा तो आईबद्दल विचारतोय हे मराठीत आणताना निसटतं. आईला आपण माहीत आहोत का? प्रश्न असा मांडला की पोटात कसंतरी होतं.

या कवितेची दोन कडवी सेन्सॉरनं कापली. पुश्किननं ती जागा मुकाट्यानं जोडून टाकली नाही, तिथे ठिपक्यांच्या ओळी छापल्या. कापलेली कडवी पुढे कधीच सापडली नाहीत. आजही आवृत्त्यांमध्ये त्या जागी ठिपके असतात. आणि कहर म्हणजे पुढे त्यूत्चेव स्वतःच सेन्सॉर झाला. १८५८ पासून १८७३ मध्ये मरेपर्यंत तो परदेशी पुस्तकं तपासणाऱ्या समितीचा अध्यक्ष होता.

आता तेहतीस वर्षं पुढे या. ऑगस्ट १८६९. तोच कवी, वय पासष्ट. चार ओळींची कविता लिहितो. निसर्ग हा स्फिंक्स आहे, तो आपल्या परीक्षेनं माणसाचा घात करतो, आणि त्याचं कारण कदाचित हे असेल की त्याच्यापाशी कोडं कधी नव्हतंच. बस्स, संपली. ज्यानं भर तारुण्यात 'तिला भाषा आहे' म्हणून लोकांशी भांडण काढलं, तो म्हातारपणी म्हणतो की बहुधा बोलायला तिच्यापाशी काही नव्हतंच.

मधल्या काळात काय झालं होतं? १८६४ मध्ये येलेना देनिस्येवा क्षयानं गेली. लग्नाबाहेरचं, चौदा वर्षांचं प्रेम, समाजानं तिला वाळीत टाकलेलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तिच्यापासून झालेली दोन मुलं लागोपाठ गेली. त्याच मे महिन्यात त्यानं समुद्राच्या लाटांवर एक कविता लिहिली. सगळ्या सृष्टीत सूर आहे, मेळ आहे, फक्त आपलाच सूर का लागत नाही, असा तिचा आशय. पास्कालनं माणसाला विचार करणारं बोरू म्हटलं होतं, दुबळं पण विचारामुळे थोर. त्यूत्चेव तेच बोरू उचलतो, पण त्याच्याकडे ते थोर नाही. ते नुसतं तक्रार करतं. पुढे १८७० मध्ये आणखी एक मुलगा आणि सख्खा भाऊ गेला.

टीकाकार याचा सरळ आलेख काढतात: तरुणपणी श्रद्धा, म्हातारपणी निराशा. आम्ही प्रोग्रामर तर लगेच म्हणू, नवी व्हर्जन आली, जुनी रद्द. मला हे पटत नाही. कवितेत जुनी व्हर्जन रद्द होत नाही. तिथे फार तर लॉग असतो: अमुक दिवशी, अमुक क्षणी, हे असं दिसलं. १८३६ ची नोंद खरी आणि १८६९ चीही खरी. आणि त्या चार ओळींतला 'कदाचित' विसरू नका. एवढं सगळं गमावल्यावरही हा माणूस खात्रीनं 'नाही' म्हणत नाही.

बाकीच्यांनी काय उत्तर दिलं? पुश्किननं डिसेंबर १८२९ मध्ये, तिशीत असताना, स्वतःच्या मरणावर कविता लिहिली. आपल्या थडग्याशी नवं आयुष्य खेळत राहावं आणि बेफिकीर निसर्ग तसाच झळकत राहावा, असं तो म्हणतो. निसर्गाला आपली पर्वा नाही हे त्यानं ओळखलंय आणि हसतमुखानं मान्यही केलंय. हे मोठेपण आहे, शंकाच नाही. पण मला ते जमत नाही. त्या शेडमध्ये तर नक्कीच जमलं नसतं.

दुसरा अफानासी फेत. याचं आयुष्य म्हणजे स्वतंत्र लेखाचा विषय. चौदाव्या वर्षी कागदपत्रांच्या घोळात बापाचं उमराव आडनाव गेलं, ते परत मिळवायला सैन्यात गेला, तर हवा तो हुद्दा जवळ आला की नियम बदलायचे. अखेर १८७३ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, नाव परत मिळालं. जिच्यावर प्रेम केलं ती मारिया लाझिच १८५० मध्ये भाजून मेली. त्याच वर्षी छापलेली त्याची रात्रीवरची एक कविता गाजली, कारण तिच्यात एकही क्रियापद नाही! नुसते आवाज, सावल्या, उजेड. लोकांनी विडंबनं केली, 'याचा समाजाला काय उपयोग' म्हणून झोडपलं. पुढे यानंच शोपेनहाउअरचा मुख्य ग्रंथ रशियनमध्ये आणला, १८८१ मध्ये. जग मुळात आंधळी धडपड आहे असं मानणारा तत्त्वज्ञ आणि एका रात्रीला क्रियापदाशिवाय थांबवून धरणारा कवी, हे मला एकमेकांना शोभून दिसतात. निसर्ग आपल्याकडे बघत नाही ना? ठीक आहे, मग त्याचा एक क्षण आपण उचलून न्यायचा.

पुश्किन मान्य करतो, फेत क्षण चोरतो, त्यूत्चेव विचारत राहतो. मी त्यूत्चेवच्या पार्टीत. तुम्ही म्हणाल, विचारत राहून मिळालं काय? मला तरी एक गोष्ट मिळाली. निसर्गाला आपल्या सोयीचं करायचं नाही. 'आभाळ रडतंय' हे जसं सोयीचं, तसंच 'निसर्गाच्या कुशीत रिचार्ज' हेही सोयीचंच. एकात आभाळाला आपल्या दुःखात सामील करून घेतलं, दुसऱ्यात डोंगराला आपल्या नोकरीला जुंपलं. दोन्हीकडे समोरचं जे आहे ते बघायचं राहूनच गेलं.

१८७१ च्या ऑगस्टमध्ये त्यूत्चेव ओव्स्तूगजवळच्या व्श्चिझ नावाच्या गावी गेला होता. कधीकाळी तिथे एका राजाची राजधानी होती, तेराव्या शतकात ती उद्ध्वस्त झाली. आता उरलेत मातीचे काही उंचवटे आणि त्यांवर वाढलेली ओकची झाडं. खाली कुणाची माती आहे याची झाडांना काय फिकीर! यावर त्यानं जी कविता लिहिली ती भीतीदायक आहे. निसर्गाला भूतकाळच नाही, आपण म्हणजे त्याला पडलेलं एक स्वप्न, असं काहीसं तिच्यात येतं. पण मला ती वाचून धीर येतो. का, ते नीट सांगता येत नाही. बहुतेक यामुळे की एक थकलेला, सगळं गमावलेला माणूस तिथे उभा राहिला, त्यानं ती झाडं आहेत तशी बघितली, आणि खोटं काही लिहिलं नाही.

यंदाही जूनमध्ये वर्षश्राद्धाला गावी गेलो होतो. पाऊस पडला. शेजारच्या काकांनी पुन्हा खांद्यावर हात ठेवला. या वेळी आभाळाबद्दल काही म्हणाले नाहीत, म्हणाले, "पेरण्या वेळेवर होतील." मीही म्हटलं, "हो काका." आणि मग आम्ही दोघं पडवीत बसून बराच वेळ नुसता पाऊस बघत होतो.

पुढच्या ट्रेकला बहुतेक जाईन. एचआरला फक्त मथळा बदलायला सांगायचं आहे.

असो. बरंच लांबलं. उद्या रिलीज आहे.