पंप बघता, पॅनेल बघता, पेटीही बघा



बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, बेणे घेताना डोळा बघतो. पण सौर पंप घ्यायची वेळ आली की पॅनेल किती आणि पंप किती अश्वशक्तीचा एवढे विचारून मोकळे होतो. दोहोंच्या मध्ये खांबाला एक पेटी लटकलेली असते. कंट्रोलर म्हणतात तिला. तिच्या आत काय आहे हे कुणी विचारत नाही. ऐन उन्हाळ्यात ती बंद पडली की पॅनेलही धड, पंपही धड आणि ऊस मात्र वाळतो.

केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ साली. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, आणि ५ वर्षे दुरुस्तीची हमी पुरवठादाराकडे. योजना चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न सहाव्या वर्षाचा आहे.

पेटीचे काम समजून घेणे अवघड नाही. पॅनेलमधून एकदिश वीज येते, मोटारीला थ्री फेज लागते. पेटीत आयजीबीटी नावाची सहा दारे असतात. ती सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून ही वीज तयार करतात. दारांच्या अलीकडे कपॅसिटर असतो. विहिरीचे पाणी आधी हौदात घेऊन मग पाटाला सोडावे, तसा हा विजेचा हौद. ऊन कमी झाले की पेटी मोटारीचा वेग उतरवते. वेग १०० वरून ८० वर आला तर पंपाला लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते. म्हणूनच सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हातही थोडेफार पाणी येते. विहीर फार खोल असेल तर मात्र ठराविक वेगाखाली पाणी वर चढतच नाही.

या पेटीचा पहिला शत्रू उष्णता. ५ अश्वशक्तीच्या मोटारीकडे साडेचार किलोवॅट वीज जाते आणि त्यातली ३ टक्के पेटीतच वाया जाते असे धरा. म्हणजे १३५ वॅट. जुना शंभरचा बल्ब दिवसभर बंद पेटीत लावून ठेवल्यापेक्षा जास्तच! धूळ, पाली, मुंग्या आत जाऊ नयेत म्हणून पेटी घट्ट बंद हवी, आणि घट्ट बंद केली की ऊब बाहेर पडत नाही. यावर उपाय एकच. ॲल्युमिनियमचे भरपूर पंखे असलेला हीट सिंक पेटीच्या पाठीला, बाहेरच्या हवेत हवा. आपले काही भाऊ पेटीवर पोते टाकतात. पावसापासून जपायचा हेतू चांगला, पण त्याने तिचा जीव गुदमरतो. वर पत्र्याची सावली करा, चारी बाजू मोकळ्या ठेवा.

आता हिशेब बघा. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर ‘१०५ अंश, २००० तास’ असे लिहिलेले असते. ठोकताळा असा की उष्णता १० अंशांनी उतरली की आयुष्य दुप्पट. कपॅसिटर ७५ अंशांवर चालला तर १६,००० तास. दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस पंप चालला तर साडेसहा वर्षे. म्हणजे हमी संपली की वर्ष-दीड वर्षात राम म्हणणार. तोच कपॅसिटर ५००० तासांचा असेल, तर त्याच उन्हात १६ वर्षांच्या पुढे जाईल. बाहेरून दोन्ही पेट्या सारख्याच दिसतात.

दुसरा शत्रू व्होल्टेज. पॅनेल थंड असले की त्याचे व्होल्टेज वाढते. दर अंशाला साधारण ०.३ टक्के. पॅनेलवरचा आकडा २५ अंशांचा असतो. पौषातल्या १० अंशांच्या सकाळी ७०० व्होल्टची ओळ ७३० च्या पुढे जाते. आतले भाग काठावरच्या क्षमतेचे असतील तर तिथेच उडतात. विजेच्या कडकडाटापासून वाचायला सर्ज अरेस्टर आणि खरीखुरी अर्थिंग लागते. जमिनीत सळई ठोकून दाखवली म्हणजे अर्थिंग झाली असे नव्हे. बोअरची केबल लांब असेल तर उघडझापीच्या झटक्यांनी मोटारीच्या टोकाला व्होल्टेज दुपटीपर्यंत उसळू शकते आणि वाइंडिंग जळते. तिथे पेटीनंतर चोक बसवावा लागतो.

कुणी म्हणेल, हे इंजिनिअरचं काम, आपल्या डोक्याबाहेरचं. तसं काही नाही. ऊस वाहकापासून सेंट्रिफ्यूगलपर्यंत कारखान्यांत याच जातीचे ड्राइव्ह चालतात, आणि ते सांभाळणारी आपलीच पोरं आहेत. आयजीबीटी घडवण्यात मोठा वाटा असलेले जयंत बालिगा मद्रासच्या आयआयटीतच शिकले.

दुसरे कुणी म्हणेल, कारखान्याचे काम साखर करणे, पंप दुरुस्ती नव्हे. मान्य. पण पाण्यावाचून ऊस नाही आणि उसावाचून गाळप नाही. खत आणि बेणे कारखाना पुरवतो, तो याच विचाराने ना?

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे तीन सूचना ठेवाव्यात असे वाटते. एक, विद्युत विभागाने पुरवठादाराला विचारायच्या प्रश्नांचा एक कागद छापून गट कार्यालयांत ठेवावा: कपॅसिटर किती तासांचा, हीट सिंक कुठे, व्होल्टेजला किती जागा राखली, अरेस्टर आहे का, केबलच्या लांबीप्रमाणे चोक दिला का. पुरवठादार यादीतून आपणच निवडायचा असतो, तेव्हा विचारायचा हक्कही आपलाच. दोन, हमीच्या ५ वर्षांत पेटी कुणीही खोलू नये, नाहीतर हमी जाते. त्या काळात गट कार्यालयाने लेखी तक्रार करून तिचा पाठपुरावा करावा. तीन, हमी संपलेल्या पेट्यांसाठी वर्कशॉपमध्ये एक दुरुस्तीचे टेबल आणि कपॅसिटर, अरेस्टर अशा सुट्या भागांचा साठा असावा. खर्च सभासदाने द्यावा, नफा कुणी घेऊ नये.

एकेकट्या शेतकऱ्याला पुरवठादार दाद देणार नाही. शेकडो सभासदांनी तोच कागद पुढे केला, तर त्याला उत्तर द्यावेच लागेल. सहकार आपण यासाठीच उभा केला.

— एक ऊस उत्पादक सभासद