सूर्य सर्वांचा, सौरघट कोणाचा?

सूर्यप्रकाशावर अद्याप कोणा भांडवलदाराने मालकी सांगितलेली नाही. परंतु त्या प्रकाशाची वीज करणारा सिलिकॉनचा सौरघट ज्याच्या हाती, त्याच्या हाती उद्याची ऊर्जा, हे भांडवलदार वर्गाने केव्हाच ओळखले आहे. समाजवाद्यांनी ते ओळखले आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

सौरघट स्वस्त झाला तो खुल्या बाजाराच्या कृपेने, असे सांगण्यात येते. इतिहासाची साक्ष निराळी आहे. 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पहिला उपयुक्त सिलिकॉन घट तयार झाला. पडणाऱ्या सूर्यऊर्जेपैकी जेमतेम 6 टक्के ऊर्जेची तो वीज करी. बाजाराला तो परवडेना. त्याला भरवशाचे गिऱ्हाईक लाभले ते सरकारी अंतराळ कार्यक्रमाचे. 1958 साली व्हॅनगार्ड-1 उपग्रहावर हे घट आकाशात गेले. पुढे घटाची कार्यक्षमता वाढविण्यात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या सार्वजनिक विद्यापीठाचा मोठा वाटा होता. 2000 सालच्या जर्मन कायद्याने सौरविजेला हमीभाव दिला, तर चीनने सरकारी कर्जांच्या बळावर कारखाने उभारले. 1970 च्या दशकात वॅटमागे दहा डॉलरहून महाग असलेले पॅनेल आज जागतिक बाजारात पाव डॉलरच्या आत मिळते. जोखीम समाजाने पत्करली. नफ्याच्या वेळी मात्र समाजाला ओळखच नाही!

भारतात याहून विपरीत घडले. येथे सौरघटाची मुहूर्तमेढ 1977 साली साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कंपनीने रोवली. 2021 साली केंद्र सरकारने एकीकडे सौर पॅनेलांच्या उत्पादकांसाठी प्रोत्साहन योजना आणली. तिची तरतूद पुढे एकूण 24,000 कोटी रुपयांपर्यंत गेली आणि लाभ खाजगी उद्योगसमूहांच्या पदरात पडला. त्याच वर्षी सरकारने ही सार्वजनिक कंपनी अवघ्या 210 कोटींना विकावयास काढली. कामगार संघटनेने न्यायालयात दाद मागितली, चोहोकडून टीका झाली, आणि 2022 साली ती विक्री रद्द करावी लागली. संघटित विरोध व्यर्थ जात नाही, हा त्यातला धडा.

सार्वजनिक उद्योग ढिले असतात, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. पण भांडवल आणि बाजारपेठ नाकारून एखाद्याला ढिला म्हणणे हा न्याय नव्हे. खाजगी कारखानदारीने तरी स्वावलंबन आणले काय? शुद्ध सिलिकॉन आणि त्याच्या चकत्या यांसाठी देश आजही मुख्यतः चीनवर अवलंबून आहे.

निव्वळ सिलिकॉन घटाची मर्यादा सुमारे 29 टक्के आहे. त्यावर पेरोव्स्काइटचा थर चढवून प्रयोगशाळांनी 34 टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे. म्हणजे डाव पुन्हा नव्याने मांडला जात आहे. मुंबईच्या आयआयटीसारख्या संस्थांत जनतेच्या पैशाने याच विषयावर संशोधन चालते. त्याची फळे पुन्हा मूठभरांच्या गोदामात जाणार काय?

म्हणून मागणी स्पष्ट हवी : सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यात जनतेचा भागहिस्सा, सार्वजनिक प्रयोगशाळांतील शोधांवर सार्वजनिक हक्क, आणि सिलिकॉन शुद्धीकरणापासून पॅनेलापर्यंत सार्वजनिक क्षेत्रात सलग उत्पादन. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न तज्ज्ञांवर सोपवून स्वस्थ बसू नये. विजेचे बिल अखेर कष्टकऱ्यालाच भरावे लागते.