वाघ बघायला मोहर्ली, दर्शनाला महाकाली. पण गेट नसलेल्या गावाच्या पदरात काय?

चंद्रपूर : चैत्र लागला की चंद्रपुरात दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक येतो रेल्वेनं, ट्रकनं, बोचकं डोक्यावर घेऊन. नांदेड, परभणीकडचा हा भाविक महाकालीच्या दर्शनाला येतो आणि झरपटीच्या काठावर उघड्यावरच चूल मांडतो. दुसरा नागपूरहून एसी गाडीत बसतो. तो शहरात शिरतही नाही, थेट मोहर्ली नाहीतर कोलारा गेट गाठतो. त्याला वाघ बघायचा असतो.

दोघांच्याही येण्यानं जिल्ह्यात पैसा येतो. पण तो पैसा कुठं थांबतो आणि वाघाचं ओझं कोणाच्या खांद्यावर पडतं, याचा हिशेब मांडला तर सिंदेवाही, मूल, सावली, नागभीड, चिमूर या तालुक्यांच्या वाट्याला काय आलं, ते दिसतं.

नदी एकच, कथा दोन

इरई नदी चिमूर तालुक्यातून निघते. धरणात तिचं पाणी अडतं आणि त्या धरणाचा फुगवटा ताडोबाच्या जंगलाला टेकलेला आहे. तेच पाणी पुढं वीज केंद्राला आणि शहराच्या नळाला जातं. म्हणजे चंद्रपूरच्या घराघरात जे पाणी येतं, ते वाघाच्या शेजारून येतं. शहरालगत इरईला झरपट मिळते. झरपटीच्या अंगानं महाकाली आणि अंचलेश्वर ही मंदिरं आहेत. गोंड राजा बीरशहाची समाधीही तिथंच आहे. ती राणी हिराईनं बांधली. महाकालीचं मंदिरही तिच्याच काळात नव्यानं उभं राहिलं.

गोंड राजांनी शहराला परकोट घातला. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. हा परकोट झुडपांत गडप झाला होता. २०१७ पासून स्वयंसेवकांनी कुऱ्हाडी, फावडी घेऊन तो साफ केला. पण वाघ बघायला आलेल्या दहा जणांना विचारा, जटपुरा गेट किती जणांनी पाहिलं? बहुतेकांना ते नावही ठाऊक नसतं.

आणि झरपट? एकेकाळी भाविक जिच्यात आंघोळ करून दर्शनाला जायचे, ती आता सांडपाणी आणि जलपर्णीनं भरली आहे. चैत्राच्या उन्हात, पारा ४५ च्या वर गेलेला असताना, लेकराबाळांना घेऊन आलेल्या बाईला आंघोळीला स्वच्छ पाणी मिळू नये, ही शहराला शोभणारी गोष्ट नाही. यात्रेपुरतं टँकर आणि मंडप उभे करून हा प्रश्न सुटत नाही. नदीत जाणारं घाण पाणी बारा महिने थांबवावं लागेल.

गेट असलेलं गाव आणि नसलेलं गाव

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, अंधारी अभयारण्य १९८६ सालचं. दोन्ही मिळून पुढं व्याघ्र प्रकल्प झाला. आज गाभा आणि बफर धरून त्याचं क्षेत्र सुमारे १७२७ चौरस किलोमीटर आहे. त्यात ६२५ गाभा, बाकी सगळं बफर. बफरमध्ये पाऊणशेहून जास्त गावं आहेत. नवेगाव, बोटेझरी, जामणी अशी गाभ्यातली गावं उठून बाहेर आली. म्हणजे वाघासाठी पहिली जागा गावकऱ्यांनी सोडली आहे, हे विसरून चालणार नाही.

पर्यटनानं काही गावांचं चित्र बदललं, हे मान्य करायलाच हवं. मोहर्ली, कोलारा, आगरझरी, देवाडा, जुनोना या भागात पोरं गाईड झाली, जिप्सी चालवू लागली. बायांना होमस्टेत, कॅन्टीनमध्ये काम मिळालं. बफरच्या सफारीतून गावाच्या समितीला वाटा मिळतो. शामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅस आणि सौर कुंपण आलं. सरपणासाठी जंगलात जाणं तेवढं कमी झालं.

पण वाघाला गेट माहीत नाही. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले. त्यातला मोठा हिस्सा एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. आणि जिल्ह्यातले सगळे वाघ ताडोबात राहत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागाच्या जंगलात, धानाच्या बांध्यांना लागून, झुडपी जंगलात, नाल्याच्या कडेला ते राहतात. तिथं ना सफारी, ना रिसॉर्ट, ना जिप्सी. तिथं फक्त जागलीला गेलेला शेतकरी, ढोरं घेऊन गेलेला ढोरकी आणि मोहफूल वेचणारी बाई.

१० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांचा वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मृत्यू झाला. तेंदूचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. त्या पैशातून बियाणं घ्यायचं, पोरांच्या वह्या घ्यायच्या. त्यामुळं ‘जंगलात जाऊ नका’ असं सांगणं सोपं आहे. पण न गेल्यावर तो पैसा कुठून यायचा, याचं उत्तर सांगणाऱ्याकडं नसतं.

खरी गोम इथंच आहे. गेट असलेल्या गावाला वाघ म्हणजे रोजगार, गेट नसलेल्या गावाला वाघ म्हणजे सुतक. जिल्हा एक, वाघही तोच, पण हिशेब दोन.

भरपाई हा शेवटचा उपाय, पहिला नाही

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसाला २५ लाख रुपये देण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२३ मध्ये घेतला. त्यातली काही रक्कम लगेच आणि बाकी मुदत ठेवीत. रक्कम मोठी आहे, पण घरातला कर्ता माणूस तिनं परत येत नाही. गरज आहे ती हल्ला होण्याआधीच्या कामाची. रोवणी ते कापणी या काळात दिवसा वीज मिळाली तर रात्री मोटर सुरू करायला वावरात जावं लागणार नाही. सौर कुंपण बफरबाहेरच्या गावांनाही हवं. सीतारामपेठला वाघ दिसताच गावाला इशारा देणारी कॅमेऱ्याची यंत्रणा बसवली, तशी सिंदेवाही-मूलच्या गावांना का नको? तेंदू आणि मोहाच्या हंगामात वनरक्षकांची गस्त संकलनाच्या जागी असायला हवी.

त्यासाठी पैसा नाही, असं म्हणायला जागा नाही. सफारीच्या एका जिप्सीला पर्यटक हजारो रुपये मोजतो. २०२३ मध्ये ताडोबाच्या ऑनलाइन बुकिंगच्या रकमेत सुमारे १२ कोटींचा अपहार झाल्याची तक्रार वनविभागानंच पोलिसांत दिली होती. फक्त बुकिंगमधून इतकी रक्कम गायब होऊ शकते, तर एकूण उलाढाल केवढी असेल, याचा अंदाज कोणीही करावा. या पैशाचा ठरावीक वाटा गेट नसलेल्या पण वाघ असलेल्या गावांना का मिळू नये, हा प्रश्न ग्रामसभांनी ठराव करून विचारायला हवा. ज्या गावात समिती आहे, तिथं दरवर्षी किती पैसे आले आणि कशावर गेले, हे ग्रामसभेत वाचून दाखवा म्हणावं.

पाहुणा थांबला तर गाव जगेल

पर्यटक एक रात्र थांबतो, वाघ बघतो आणि नागपूर धरतो. तोच पाहुणा दोन दिवस थांबला तर? एका दिवशी सफारी, दुसऱ्या दिवशी महाकाली, अंचलेश्वर, परकोट, जुनोन्याचा तलाव, भद्रावतीचं भद्रनाग मंदिर आणि विजासन लेणी. वैनगंगेच्या काठचं मार्कंडा गडचिरोली जिल्ह्यात असलं तरी मूल-सावलीवरूनच वाट जाते. वाटेतल्या गावात झुणका-भाकर, मोहाचे लाडू, बांबूच्या वस्तू विकल्या जातील. त्यासाठी रिसॉर्ट लागत नाही. चांगली एसटी, वाटेवर पाट्या आणि स्वच्छ संडास एवढं पुरे.

ताडोबा हे नाव तारू या आदिवासी देवावरून आलं. गावाचा प्रमुख असलेला तारू वाघाशी लढताना मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात आदिवासी तिथं पूजेला जातात. वाघाशी लढून मेलेल्या माणसाला या मातीनं देव केलं. आज वाघाच्या तोंडी जाणाऱ्या माणसाला निदान माणूस म्हणून तरी मोजावं, एवढीच या तालुक्यांची मागणी आहे.

हे लक्षात ठेवा

- ताडोबात सफारी मंगळवारी बंद असते. गाभा क्षेत्र पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद राहतं.
- बुकिंग फक्त वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर पैसे टाकू नका.
- वाघानं जनावर मारलं तर कलेवर हलवू नका. लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.
- वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ आहे.
- तेंदू, मोहाला एकट्यानं जाऊ नका. पहाटे आणि सांजच्याला जंगल टाळा, वाकून काम करताना एकानं उभं राहून लक्ष ठेवा.