हातातला गेम आणि कानातली वायर

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मोबाइलवर, स्विचवर किंवा स्टीम डेकवर गेम खेळत असाल, तर पहिला खर्च वायरवाल्या, कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनवर करा. ब्लूटूथ नंतर. आणि खोक्यावर 'गेमिंग' लिहिलंय म्हणून तर काहीच घेऊ नका.

जुन्या जालन्यात गेलो की हा विषय निघतोच. संध्याकाळी गांधी चमनच्या आसपास चार पोरं माना खाली घालून बीजीएमआय खेळताना दिसणार, सगळ्यांच्या कानात ब्लूटूथ. तक्रारही ठरलेली: "दादा, समोरच्याच्या पावलांचा आवाज येईपर्यंत आपण मेलेलो असतो!" मग नेटला शिव्या. नेटचा दोष असतोही, नाही असं नाही. पण कानातल्या त्या दोन बोंडांवर कुणाचा संशयच जात नाही.

होतं काय, की ब्लूटूथवर आवाज आधी दाबून लहान केला जातो, मग हवेतून जातो, मग कानातल्या चिपमध्ये उलगडतो. शिवाय सिग्नल क्षणभर तुटला तरी आवाज तुटू नये म्हणून थोडा साठाही करून ठेवावा लागतो. साध्या एसबीसी कोडेकवर या सगळ्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे २०० मिलिसेकंद धरले तर चित्र बारा फ्रेम पुढे आणि आवाज मागून धापा टाकत येतोय.

सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण प्लेअर चित्रच तेवढं थांबवून धरतो. गेमला ती सोय नाही. तुम्ही बटण कधी दाबणार हे त्याला आधी कसं कळणार? 'गेम मोड'ने फरक पडतो, पण खोक्यावरचा ४० मिलिसेकंदांचा आकडा कुठल्या फोनवर मोजला ते खोक्यावर नसतं.

निन्टेन्डोचंच बघा. स्विच २०१७ साली आला तो हेडफोनच्या भोकासकट. ब्लूटूथ आवाज मिळाला थेट सप्टेंबर २०२१ मध्ये, तोही अटी घालून: माइक चालणार नाही, वायरलेस कंट्रोलर दोनच. (याच कंपनीने २००३ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपीमधून हे भोकच काढून टाकलं होतं आणि वर अ‍ॅडाप्टर वेगळा विकला होता. असो.)

फोनला भोक नसेल तर टाइप-सीचा अ‍ॅडाप्टर घ्या, पण आत डॅक असलेला. नुसत्या तारा जोडलेला स्वस्तातला अ‍ॅडाप्टर बऱ्याच फोनवर मुकाच राहतो. दुकानातच लावून बघा, लाजू नका.

आता माझ्या मते खरा मुद्दा. कानात घट्ट बसणारे का? मुंबई-जालना वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली, आता ती नांदेडपर्यंत जाते. जालन्यापर्यंत सातएक तास लागतात. गाडीचा घुमारा, शेजारच्यांच्या रील्स, चहावाला. सैल इअरफोन असला की आपण आवाज वाढवतो, मग आणखी वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, पण ९० डेसिबल जेमतेम ४ तास. म्हणजे एका प्रवासात आठवड्याचा कोटा संपून वर उधारी! सिलिकॉनच्या टिपने कान नीट बंद झाला तर आवाज निम्म्यावर ठेवूनही पावलं ऐकू येतात. तेव्हा इअरफोनबरोबर येणाऱ्या तीन मापांच्या टिपा फेकू नका, बसून तिन्ही लावून बघा. मात्र असे इअरफोन घालून रस्त्यावर चालू नका, मागून येणाऱ्या रिक्षाचा हॉर्न ऐकू येणार नाही.

बजेट? हजार-दीड हजार पुरे. वायर वेगळी निघणारी असेल तर उत्तम, कारण आधी मरते ती वायरच. आणि तुम्ही फक्त बुद्धिबळ किंवा शेती-शेती खेळत असाल तर खुशाल ब्लूटूथ लावा, तिथे गहू बारा फ्रेम उशिरा कापला गेला तरी कुणी मरत नाही :)