शब्द राष्ट्राचा, कसोटी यंत्रणेची

दि. १० एप्रिल २०२५ रोजी तहव्वूर राणा याला घेऊन आलेले विमान दिल्लीत उतरले, तेव्हा साऱ्या देशाने समाधानाचा सुस्कारा सोडला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. त्या हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली मुंबईत ज्या कार्यालयाच्या आडून उजळ माथ्याने वावरला, ते कार्यालय राणाच्या इमिग्रेशन सल्लागार संस्थेचे होते. पाकिस्तानी लष्करातील हा माजी डॉक्टर अमेरिकेच्या न्यायालयांत पायरीपायरीने लढला. एकाच कृत्यासाठी दोनदा खटला चालवता येत नाही, असा युक्तिवाद त्याने केला. भारतात आपला छळ होईल, असाही कांगावा केला. अखेर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दिलासा नाकारला. भारत आणि अमेरिका यांच्यातील १९९७ चा प्रत्यार्पण करार या प्रकरणी खऱ्या अर्थाने उपयोगी पडला. हा खटला चिकाटीने लढविणारे परराष्ट्र मंत्रालय आणि राष्ट्रीय तपास संस्था अभिनंदनास पात्र आहेत, यात शंका नाही.

परंतु या समाधानात देशाने आणखी एका तारखेचे विस्मरण होऊ देता कामा नये. ती तारीख ऑक्टोबर २०३० मधील आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोट मालिकेत २५७ जण मृत्युमुखी पडले आणि ७१३ जण जखमी झाले. या कटातील आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे पकडला गेला. त्या वेळी पोर्तुगालशी भारताचा प्रत्यार्पण करार नव्हता. शिवाय त्या देशाच्या कायद्यात फाशीची शिक्षा नाही, जन्मठेपही नाही. तेथील कमाल शिक्षा २५ वर्षांची. म्हणून १७ डिसेंबर २००२ रोजी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली : सालेमला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक काळ कारावासात ठेवले जाणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम भारताच्या हाती आला. सप्टेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. त्याच निकालात अन्य दोघांना मात्र फाशी झाली. ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पोर्तुगालला दिलेल्या शब्दाने केंद्र सरकार बांधले गेले आहे. ऑक्टोबर २००५ पासून २५ वर्षे पूर्ण होताच त्याच्या सुटकेसाठी पावले उचलावी लागतील.

ज्यांच्या घरातील माणूस त्या शुक्रवारी कामावर गेला आणि परतलाच नाही, त्यांच्या मनात या निकालाने संतापाची लाट उसळली असेल, तर त्यांना दोष कोण देईल? २५७ जणांच्या मृत्यूचा हिशेब २५ वर्षांत चुकता होतो काय, हा प्रश्न अनाठायी नाही. तरीही विवेकाने पाहता या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. दिलेला शब्द भारताने पाळलाच पाहिजे.

हा शब्द कोणी दिला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जुलै २००१ मध्ये आग्रा शिखर परिषदेच्या निमित्ताने आलेल्या मुशर्रफ यांच्याकडे दाऊद इब्राहिमला भारताच्या हवाली करा, अशी रोखठोक मागणी ज्यांनी केली, त्याच अडवाणींची ही हमी होती. दहशतवादाविषयी त्यांच्या मनात मवाळपणा होता, असे त्यांचे विरोधकही म्हणणार नाहीत. त्यांच्यासमोर दोनच मार्ग होते. हमी द्यावी आणि गुन्हेगार भारतीय न्यायासनासमोर उभा करावा, किंवा हमी नाकारावी आणि बनावट पारपत्राच्या गुन्ह्याची किरकोळ शिक्षा भोगून तो मोकळा फिरताना पाहावा. पहिला मार्ग पत्करला गेला, म्हणूनच सालेमची सारी उमेद गजाआड गेली. जे पदरात पडले ते घ्यायचे आणि जे मोजायचे कबूल केले ते नाकारायचे, हा व्यवहार बाजारातही निंद्य मानला जातो. मग राष्ट्राच्या व्यवहारात तो कसा शोभेल? वचनासाठी वनवास पत्करणाऱ्या प्रभू रामचंद्रांचा आदर्श मानणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. सरकारे बदलतात, राष्ट्राचा शब्द बदलत नाही.

यात केवळ नीतीचा प्रश्न नाही, रोखठोक राष्ट्रहिताचाही आहे. प्रत्यार्पणाच्या वेळी मान्य न केलेली कलमे सालेमवर लावल्याचा ठपका लिस्बनच्या न्यायालयाने २०११ मध्ये भारतावर ठेवला. अखेर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने केंद्रीय अन्वेषण विभागाला काही वाढीव आरोप मागे घ्यावे लागले. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यातच तरतूद आहे, की ज्या गुन्ह्यासाठी आरोपी परत मिळाला, त्याखेरीज पूर्वीच्या अन्य गुन्ह्यासाठी, संबंधित देशाच्या संमतीविना, खटला चालवता येत नाही. ही चूक पुन्हा घडली, तर उद्या लंडन, ब्रुसेल्स वा लिस्बन येथील प्रत्येक फरार आरोपीचा वकील सालेमचेच उदाहरण न्यायाधीशांपुढे ठेवील.

प्रत्यार्पणाचा कायदा वाकविला गेला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राइतके कोणाला ठाऊक असणार? १३ मार्च १९१० रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली, ती फरार गुन्हेगारांसंबंधीच्या १८८१ च्या ब्रिटिश कायद्यानेच. त्यांना हिंदुस्थानात आणणारी ‘मोरिया’ नौका मार्सेलिस बंदरात थांबली असता ८ जुलै १९१० रोजी त्यांनी समुद्रात उडी घेतली, फ्रान्सचा किनारा गाठला, आणि फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केले. फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवलेल्या राजकीय आरोपीला रीतसर प्रत्यार्पणाविना नेता येते काय, हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादाने ही सुपूर्दगी नियमबाह्य होती, हे मान्य केले आणि तरीही ब्रिटनवर सावरकरांना परत करण्याचे बंधन नाही, असे ठरविले! चूक मान्य, परिमार्जन अमान्य. अंदमानच्या कोठडीची वाट त्या निवाड्याने मोकळी केली. ज्या राष्ट्राच्या एका थोर सुपुत्राने हा अन्याय सोसला, त्या राष्ट्राला देशभक्त आणि दहशतवादी यांतील भेदही कळतो आणि नियम पाळण्याचे मोलही कळते. त्या काळच्या राजकीय बंद्याला मिळावयाचे अभय आज निरपराधांच्या रक्ताने हात माखलेल्यांनी मागावे, ही त्या तत्त्वाची विटंबना आहे.

अर्थात, युरोप-अमेरिकेने भारताला मानवतेचे धडे द्यावेत, हेही हास्यास्पद आहे. मोहन रानडे या मराठी देशभक्ताला गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे, जानेवारी १९६९ पर्यंत, पोर्तुगालने लिस्बनजवळच्या तुरुंगात डांबून ठेवले होते. त्या हुकूमशाहीचा १९७४ मध्ये अंत झाला, हे खरे; परंतु इतिहास विसरण्यासाठी नसतो. भोपाळच्या विषारी वायूने हजारो माणसे किड्यामुंगीसारखी मेली. युनियन कार्बाइडचा प्रमुख वॉरन अँडरसन डिसेंबर १९८४ मध्ये जामिनावर सुटून राज्य सरकारच्याच विमानाने भोपाळहून बाहेर पडला आणि पुढे अमेरिकेने त्याच्या प्रत्यार्पणाची विनंती २००४ मध्ये फेटाळली. हेडलीशी सौदा करून अमेरिकेने त्याला भारतात न पाठविण्याचे अभय दिले. पुरुलिया येथे १९९५ मध्ये विमानातून शस्त्रे टाकणाऱ्या किम डेव्हीला डेन्मार्कच्या न्यायालयांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अभय दिले. ब्रिटनशी १९९२ मध्ये करार झाला. परंतु त्यानुसार पहिला आरोपी भारताच्या हाती यायला २०१६ साल उजाडले, आणि तोही स्वतःच्या संमतीने आला.

परक्यांचा दांभिकपणा दाखविताना आपला आरसा मात्र झाकून ठेवता येणार नाही. परदेशी न्यायालय भारताच्या पंतप्रधानांचे भाषण ऐकत नाही. ते कागद वाचते. वऱ्हाडातील नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावाला हा विषय दूरचा वाटेल. खंडेश्वराच्या प्राचीन देवालयाच्या सावलीत वसलेल्या या गावाचा आणि लंडनच्या न्यायालयाचा संबंध तो काय? संबंध असा, की प्रत्यार्पणाची प्रत्येक संचिका अशाच एखाद्या पोलीस ठाण्यातून सुरू होते. फिर्याद कशी लिहिली, पंचनाम्यावर तारीख आणि वेळ आहे काय, साक्षीदाराच्या दोन जबाबांत तफावत आहे काय, न्यायदंडाधिकाऱ्यांचे वॉरंट निर्दोष आहे काय, या साऱ्यांचा इंग्रजी, पोर्तुगीज वा अन्य भाषेत अनुवाद होतो आणि सात समुद्रांपलीकडचा वकील त्यातील प्रत्येक भोक शोधतो. ठाण्यातील हवालदाराने घाईत लिहिलेले एक वाक्य दहा वर्षांनी देशाची नाचक्की करू शकते.

दुसरा प्रश्न तुरुंगांचा. विजय मल्ल्याच्या खटल्यात आर्थर रोड कारागृहातील बराकीचे चित्रीकरण लंडनच्या न्यायाधीशांना दाखवावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने शस्त्रदलाल संजय भंडारी याचे प्रत्यार्पण नाकारले, त्यामागे तिहार तुरुंगातील धोक्याचे कारण होते. कोठडीतील छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली. त्याला अंतिम मान्यता मात्र दिलेली नाही. फरार गुन्हेगारांच्या वकिलांच्या हाती हे आयते शस्त्र आपणच का द्यावे? सुधारलेले तुरुंग आणि छळाविरुद्धचा स्वतंत्र कायदा ही दहशतवाद्यांवर केलेली मेहेरनजर नव्हे; त्यांना खेचून आणणाऱ्या दोराचा तो पीळ आहे.

हा पीळ घट्ट असला की काय साधते, याचा दाखला मराठवाड्यातच आहे. मुंबई हल्ल्यातील हस्तक अबू जुंदाल हा मूळचा बीड जिल्ह्यातील गेवराईचा. पाकिस्तानी पारपत्रावर तो सौदी अरेबियात दडून बसला होता. हा आमचा नागरिक, असा कांगावा पाकिस्तान करीत असताना कुटुंबीयांच्या डीएनए नमुन्याने त्याचे मूळ सिद्ध केले आणि जून २०१२ मध्ये तो भारतात आणला गेला. गुन्हेगाराच्या धर्माने या मोजमापात फरक पडता कामा नये. २०१५ मध्ये बालीहून आणलेल्या छोटा राजनला ज्या कायद्याने जन्मठेप झाली, तोच कायदा सर्वांना लागू आहे.

वऱ्हाडातील शेतकऱ्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू अधिक जवळची वाटेल. कापूस आणि सोयाबीनचे पीक बुडाले म्हणून लाख-दोन लाखांचे कर्ज थकले, तर बँकेची नोटीस त्याच्या दारावर लागते. बँकांचे सुमारे नऊ हजार कोटी थकविणारा मल्ल्या मात्र मार्च २०१६ मध्ये विमानात बसून निघून गेला. २०२० मध्ये ब्रिटनमधील त्याचे अपिलाचे मार्ग संपले. तरीही त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली. पळून गेलेल्याला आणण्यासाठी दशक खर्ची पडते, पळण्यापूर्वी रोखण्यासाठी विमानतळावरची एक सूचना पुरेशी असते. फरार आर्थिक गुन्हेगारांची मालमत्ता जप्त करणारा २०१८ चा कायदा आणि घोषित फरार आरोपीच्या गैरहजेरीतही खटला चालविण्याची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील तरतूद, ही योग्य दिशेची पावले आहेत. मात्र अनुपस्थितीतील निकाल परदेशी न्यायालयात टिकायचा, तर आरोपीला पुरेशी संधी दिल्याचा पुरावाही भक्कम हवा.

राहता राहिला पाकिस्तान. रत्नागिरी जिल्ह्यातील मुंबके गावात मूळ असलेल्या दाऊदचे नाव २००३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर भारताने २० जणांची यादी इस्लामाबादला सोपविली, तिला केराची टोपली मिळाली. प्रत्यार्पण करार ही सभ्य राष्ट्रांमधील देवाणघेवाण असते. गुन्हेगार पोसणे हेच ज्या राष्ट्राचे धोरण, त्याच्याशी अन्य भाषेत बोलावे लागते. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ने ती भाषा त्याला ऐकविली.

परंतु जेथे कायद्याची भाषा चालते, तेथे ती निर्दोषच बोलली पाहिजे. ऑक्टोबर २०३० उगवेल, तेव्हा १९९३ च्या हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना एक कटू घोट गिळावा लागेल. तो त्यांनी कोणासाठी गिळला, याचे उत्तर देण्याची जबाबदारी शासनाची आहे. त्यांच्या त्यागाच्या मोबदल्यात देशाला असे पोलीस ठाणे, असे न्यायालय आणि असा तुरुंग मिळाला पाहिजे, की पुढच्या सालेमला मागताना भारताला कोणत्याही देशाच्या दारात सवलतींची यादी घेऊन उभे राहावे लागणार नाही. शब्द पाळणारे राष्ट्र आदरास पात्र ठरते. शब्द देण्याची वेळच येऊ न देणारे राष्ट्र समर्थ ठरते. भारताची वाटचाल या दुसऱ्या टप्प्याकडे व्हावी.